डालीखालची शिंक

माझं तोंड कायम जमिनीकडे असतं, त्यामुळे बोलायची सवय अशी मला नाही. पण आज कोणीतरी मला अंगणात उताणी ठेवलीय. पोटात ऊन भरलंय. उमा घरातली भांडी गोणपाटात बांधतेय, आणि माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. तेवढ्या वेळात माझं थोडं सांगून घेते.

मी कोंबड्या झाकायची डाली. बांबूची. बदलापुरात मला कोणी डालगं म्हणतं, कोणी टोपलं म्हणतं. उमा पहिल्या दिवसापासून 'आमची डाली' म्हणाली, म्हणून मीही स्वतःला बाईमाणूसच समजत आले.

बारवी नदीच्या अंगाला डोंगराखाली एक ठाकरवाडी आहे. तिथल्या नवसीने मला विणलं. ती बांबू चिरायची, कोयत्याने कांबी तासायची आणि पाण्यात भिजत घालायची. विणताना तिचं मूल पाठीला बांधलेलं असायचं. ते रडलं की ती हात न थांबवता नुसती पाठ हलवायची. माझी भोकं तिने स्वतःच्या बोटांनी मापली. शेजारणीला म्हणाली, "भोक कसं पायजे? पिलाची मान भायेर येल, पन मुंगसाचं तोंड आत जायाचं नाय." माझ्या काठाची शेवटची काडी मात्र तिने कापली नाही. आत दुमडून थोडी शेपटी ठेवली. ती तिची खूण. अजून आहे, हात लावला तर टोचते.

ही गोष्ट पन्नास सालची. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली माणसं राहू लागली होती आणि त्या छावणीचं उल्हासनगर असं नवं नाव पडलं होतं. आमच्या बदलापूरला मात्र सगळं जुन्यासारखंच होतं. नवसी मला डोक्यावर घेऊन बाजारात आली आणि मीठ-तांदळाच्या बदल्यात मी उमाच्या हातात गेले.

उमा तेव्हा नवी नवरी. माहेर वांगणीचं, सातवी पास. तिच्या आईने पाठवणीला तिच्याबरोबर एक कोंबडी दिली होती, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. तिचं नाव काबरी. त्या काबरीसाठीच मी आले. माझ्याखाली पहिली रात्र काबरीने काढली तेव्हा ती एकटीच होती आणि माहेरची आठवण आल्यासारखी कुरकुरत होती. उमाही तशीच होती म्हणा.

घरात माणसं तीन. उमाचा नवरा कमळाकर अंबरनाथच्या कारखान्यात कामाला, सायकलने जायचा. आणि सासू बनूबाई. बनूबाईंना लहानपणी देवी आल्या होत्या. चेहऱ्यावर जात्याच्या टाक्यांसारखे वण होते आणि डावा डोळा गेलेला होता. उजव्या डोळ्यालाही धड दिसत नसे. पण जीभ शाबूत होती. आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून शिकलेली हाय. कागद वाचती. फकस्त भाताचं पानी किती घालावं ते कुठल्या कागदात लिवलेलं नाय, म्हनून अडतंय."

उमा हसायची. ती मुळात घाबरट. संध्याकाळी कण्या टाकून कोंबड्या गोळा करायची, माझ्याखाली सारायची, वर दगड ठेवायची. मग परत येऊन दगड हलवून बघायची. पुन्हा येऊन दुसरा दगड ठेवायची. बनूबाई म्हणायच्या, "अगो, कोंबडी हाय ती, तुरुंगातला चोर नाय."

पण तिला भ्यायला कारण होतं. तिचं पहिलं मूल आठव्या दिवशी गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्या काठाशी बसून काबरीची पिल्लं बघत असायची. बावन्न साली नंदा झाली, पाळण्यातलं नाव सुनंदा. त्या दिवसापासून उमाने त्या पोरीला वारासुद्धा चाळून घातला.

आता मी जे सांगणार ते उमा आणि माझ्याशिवाय दोन वर्षं घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्रेपन्न सालची थंडी होती. नंदा दहा महिन्यांची. बनूबाई भावाकडे जांभूळ गावी गेल्या होत्या, कमळाकर कामावर. सकाळी शेजारची गोदू कुडावरून ओरडली, "उमे, टोचनारा आलाय गो. वरच्या आळीत हाय."

देवी टोचणारे दौलतराव वर्षातून एकदा गावात यायचे. खाकी पिशवी, पिशवीत छोटं चकतीचं हत्यार. दंडावर टेकवून फिरवलं की मूल गाव डोक्यावर घ्यायचं. गोदूच्या धाकटीचा दंड आदल्या वर्षी चांगला सुजला होता, ताप आला होता. पोरगी आठवड्यात बरी झाली, पण उमाने तो ताप पाहिला होता. बरी झालेली तिला दिसलीच नाही. घाबरलेल्या आईचं असंच असतं.

तिने झोपलेल्या नंदाला पडवीच्या कोपऱ्यात गोधडीवर ठेवलं आणि वर मला उपडी घातली. माझ्यावर बनूबाईंचं जुनं लुगडं टाकलं. हे सगळं करताना तिचे हात इतके थरथरत होते की माझा काठ जमिनीवर वाजत होता.

लुगडं विरलेलं होतं. त्यातून आणि माझ्या भोकांतून ऊन आत आलं आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर गोल गोल ठिपके पडले. कपाळावर, गालावर, बंद पापण्यांवर. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. पुढे फार वाटलं.

दौलतराव आले. उंबऱ्याशी उभे राहून वही उघडली.

"घरात लहान मूल आहे ना?"

"माहेरी गेलंय," उमा म्हणाली.

"आणि तुम्ही इथे?"

"आई घेऊन गेली."

"अंगावर पिणारं मूल?"

"गाईचं पिते."

दौलतरावांनी पडवीत नजर फिरवली. "हे काय झाकलंय?"

"कोंबडी रवणावर बसलीय." अंड्यांवर बसलेली कोंबडी कोणी उठवत नाही, हे तिला माहीत होतं. "उठवली तर अंडी वाया जातील."

"छे छे, उठवू नका," दौलतराव म्हणाले. "आमच्या घरीही आहेत कोंबड्या."

आणि माझ्याखाली नंदा शिंकली.

लहानशीच शिंक. पण पडवीत दुसरा आवाजच नव्हता. काबरी तर समोर अंगणात उकिरडा उकरत होती. दौलतरावांनी काबरीकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं, मग उमाच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या तोंडावर रक्त उरलं नव्हतं.

"कोंबडीला सर्दी झालीय वाटतं," ते म्हणाले.

"हो. थंडी फार आहे."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "ठीक आहे. माझं बिऱ्हाड कल्याणला आहे, पत्ता चावडीवर मिळेल. कोंबडी बरी झाली की कळवा. मी येईन." आणि पायऱ्या उतरून गेले.

बनूबाई परत आल्यावर त्यांनी पहिलंच विचारलं, "टोचलं का पोरीला?" त्यांनी स्वतः भोगलेलं होतं, त्यांना टोचून घ्यायचंच होतं. उमा म्हणाली, "टोचलं, पण उठलं नाही." कधी कधी तसं होतं, टोचलेलं फुगत नाही, वण पडत नाही. बनूबाईंना दंड नीट दिसत नव्हता. उमा नंदाला बारा महिने लांब बाह्यांचं झबलं घालायची. पुढच्या वर्षी ती टोचण्याच्या सुमारास महिनाभर वांगणीला जाऊन राहिली. असं ते झाकलेलं झाकलेलं राहिलं.

ते दिवस तसे सुखाचे होते, हेही सांगायला हवं. नंदा रांगत माझ्याकडे यायची, भोकांतून बोट घालायची, आतली काबरी ते हळूच टोचायची आणि दोघी ओरडायच्या. ती चालायला शिकली ती माझा काठ धरून. दर रविवारी टहिलराम यायचा. हा उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात राहणारा सिंधी. सिंधमध्ये जनावरांच्या दवाखान्यात कंपौंडर होता, आता कल्याणच्या तशाच दवाखान्यात लागला होता. तो अंडी न्यायला सायकलवरून यायचा आणि प्रत्येक अंडं उन्हासमोर धरून बघायचा. बनूबाई म्हणायच्या, "काय शोधतोस त्यात, तुझं गाव?" तो म्हणायचा, "अम्मा, गाव तर नाही मिळत. पिल्लू मिळतो कधी कधी."

पंचावन्न सालच्या शिमग्यानंतर काबरीच्या तुऱ्यावर राखाडी फोड आले. आधी मिरीएवढे. मग त्यांच्या खपल्या झाल्या, डोळ्याच्या कडेलाही आल्या. चार दिवसांत तिचा डावा डोळा मिटला. चोच उघडून बसायची, दाणा टिपायची नाही.

बनूबाईंनी तिला मांडीवर घेऊन बोटांनी चाचपलं. "कोंबड्यांच्या देवी ह्या," त्या म्हणाल्या. "बघ गो, आता ही माझ्यावानी दिसाया लागली. डोळासुद्धा तोच."

त्या सहज बोलल्या. उमाने मात्र नंदाला ओढून काबरीपासून लांब घेतलं. कारण आदल्याच संध्याकाळी कमळाकर सांगत होता की कॅम्पात माणसांना देवी आल्यात, अंबरनाथलाही दोघं गेले, कारखान्यात सगळ्यांना रांगेत उभं करून टोचलं. आणि नंदा, जिला टोचलेलंच नाही, ती तर दिवसभर काबरीच्या गळ्यात पडलेली.

उमाने मग जिवाच्या आकांताने काबरीचं सुरू केलं. गोदूने सांगितलं, खपल्या काढून हळद-तेल लाव, जखम मोकळी होते. उमाने नखांनी खपल्या काढल्या, रक्त आलं, हळद भरली. खपल्या अंगणात झटकल्या. ती काबरीला पुन्हा सगळ्यांबरोबर माझ्याखाली ठेवायची. एकटीला भीती वाटेल म्हणून. आठवडा गेला आणि आणखी चौघींच्या तुऱ्यांवर तेच फोड. दोन पिल्लं मेली. माझ्या कांबींना ते पू-रक्त लागलेलं होतं, मला कळत होतं, पण मी काय करणार.

शनिवारी नंदाला ताप चढला. रविवारी सकाळी उमाने झबलं काढलं तर मनगटावर आणि मानेवर लाल पुटकुळ्या.

गोदू कुडावरूनच बोलली, आत आली नाही. "कोंबड्या मारून पूर आनि ती डाली जाळ आधी. तिच्यातच हाय सगळं." कमळाकर काड्यांची पेटी घेऊन बाहेर आला आणि त्याने मला उचललं. त्याच्या हातात मी तशीच लोंबत होते. खरं सांगते, मला माझी भीती कमी वाटली. मला त्या उन्हाच्या ठिपक्यांची आठवण झाली आणि वाटलं, जाळा मला, माझंच पाप आहे.

तेवढ्यात टहिलरामची सायकल कुडाला टेकली.

"आज अंडी नाहीत," कमळाकर म्हणाला. "आज काहीच नाही."

टहिलरामने काबरीला पाहिलं, मग दारात नंदाला मांडीवर घेऊन बसलेल्या उमाला. हात धुऊन आला. आधी पोरीचं मनगट उजेडात धरलं, अंडं धरायचा तसंच. मग तिला तोंड उघडायला लावलं.

"बाई, घबरायचा नाही. हा मच्छर चावला. बघा, झबल्याच्या बाहेर आहे तिथेच आहे. घसा लाल आहे, त्याचा बुखार. आणि कोंबडीची देवी माणसाला येत नाही. मी पंधरा साल कोंबडी हातात घेतली, मला आली काय? तिची वेगळी, माणसाची वेगळी."

उमाने श्वास सोडला. पण तो पुढे म्हणाला, "माणसाची मात्र आमच्या कॅम्पात आहे. आमच्या लाइनीत तीन घर. बच्चीला टोचलंय ना?"

"टोचलंय," आतून बनूबाई म्हणाल्या. "पन उठलं नाय."

"नाही उठला तर नाही टोचल्यासारखाच. कधी टोचला होता?"

कमळाकर म्हणाला, "उमा, कधी टोचलं होतं?"

उमा माझ्याकडे बघत होती. "टोचलं नाही," ती म्हणाली. "ह्या डालीखाली लपवलं होतं. कोंबडी रवणावर बसलीय म्हणून सांगितलं."

कमळाकरच्या हातून मी खाली पडले. तो काहीतरी बोलायला लागला, मोठ्याने. बनूबाईंनी त्याला हाताने गप्प केलं. चाचपडत उंबऱ्यापर्यंत आल्या, उमाजवळ बसल्या. मला वाटलं, आता उमाच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. त्यांनी उमाचा हात धरला आणि स्वतःच्या गालावर ठेवला. मग कपाळावर. मग त्या मिटलेल्या डोळ्यावर.

"हात लाव. नीट लाव," त्या म्हणाल्या. "पाच वर्सं झाली तुला या घरात, कधी लावला नाय. माझ्या आयनं मला लपवलं व्हतं, भाताच्या कणगीत. तवाबी टोचनारा आलावता. तीबी लई माया करायची."

उमा रडली नाही. तिने हात काढलाही नाही. टहिलरामने पाठ फिरवून उगाचच सायकलची साखळी तपासली.

मग तो मागे वळून म्हणाला, "डाली जाळू नका. चांगली आहे. उकळता पाणी ओता, तीन दिवस ऊन द्या. आणि बाई, खपली नखाने काढायची नाही. खपलीतच बीमारी असते. तुम्ही काढली, अंगणात फेकली, सगळ्यांना वाटली. आपोआप पडेल तेव्हा उचलून चुलीत टाका."

त्याने सगळं समोर करून दाखवलं. कोमट पाण्यात पोटॅशचे दोन खडे टाकून पाणी गुलाबी केलं, कापसाने खपल्या भिजवल्या, वर आयोडिन लावलं. डोळा बोरिकच्या पाण्याने पुसला. चोचीतला पांढरा पडदा हलक्या हाताने पुसून तिथेही थेंब लावला. आजारी पाचजणी एका बाजूला, धडधाकट सातजणी गोठ्यात वेगळ्या. "कण्याची पातळ पेज ताकात कालवून चमच्याने पाजा. आणि मच्छर. मच्छर इसको काटता है, फिर उसको. डालीवर कापड टाका."

बनूबाईंनी ते जुनं लुगडं आणून दिलं. तेच.

त्याच दुपारी उमाने पोस्टकार्ड लिहिलं. अक्षर वळणदार, सातवी पासचं. मजकूर एवढाच:

"रा. रा. दौलतराव यांस. कोंबडी बरी झाली आहे. यावे."

कमळाकरने सायकल काढली, चावडीवरून पत्ता घेतला आणि कार्ड पोस्टात न टाकता स्वतः कल्याणला नेऊन दिलं.

सोमवारी माझ्यावर उकळतं पाणी पडलं. अंगाचा दाह झाला, पण नवसीने भिजवून भिजवूनच मला घडवलं होतं, मी तुटले नाही. त्याच संध्याकाळी टहिलराम बर्फाच्या थर्मासमधून कोंबड्यांची लस घेऊन आला. धडधाकट कोंबडीच्या मांडीची चार-पाच पिसं उपटायची आणि त्या उघड्या भोकांवर लस ब्रशने चोळायची. पकडायला उमा बसली. सातही कोंबड्या तिने एकेक करून मांडीत दाबून धरल्या. एकीने तिच्या हाताला चांगला ओचकारा काढला. तिने सोडली नाही.

"तुम्ही तर पक्के धरता," टहिलराम म्हणाला.

"धरायला लागतंच," उमा म्हणाली.

गुरुवारी दौलतराव येणार हे आळीत कळलं. सकाळी सकाळी गोदू अंगणात उभी. चार दिवसांपूर्वी मला जाळायला सांगणारी ती आता हळू आवाजात म्हणाली, "उमे, वाईच डाली दे गो. नातू झोपलाय तोवर. तुझी मोठी हाय, पोर मावतं." कुडापलीकडून उमाची जुनी गोष्ट तिला सगळी ऐकू गेलेली.

उमाने मला उचललं. अंगणाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी उपडी ठेवली. वर लुगड्याची घडी घातली आणि नंदाला उचलून माझ्यावर बसवलं.

"डाली रिकामी नाही," ती म्हणाली.

बनूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "गोदे, कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हात नाय. घेऊन ये पोराला."

पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर माणूस बसलं होतं. पोरीचं वजन ते किती. पण तिचे पाय माझ्या कांबींवर आपटत होते आणि ती धडधड सगळी मला कळत होती. दौलतरावांनी पिशवी उघडली. उमाने नंदाची बाही स्वतः वर केली, दंड धरला, कोंबडी धरली होती तसाच, पक्का. तोंड मात्र दुसरीकडे फिरवलं. नंदाने गाव डोक्यावर घेतलं. आणि रडून रडून शेवटी तिला शिंक आली.

दौलतरावांनी वही उघडली, मागची पानं चाळली, एका ओळीवर बोट ठेवलं. उमाने वाकून वाचलं. दोन वर्षांपूर्वीच्या तारखेपुढे लिहिलं होतं: 'कोंबडी रवणावर. पुन्हा जाणे.'

"सर्दी अजून आहे वाटतं," दौलतराव म्हणाले आणि ती ओळ खोडली.

उमा तेव्हा रडली. हसत होती, पण रडली.

पुढचा आठवडा तिने दोन्ही कामं एकदमच केली. सकाळी उठून आधी कोंबड्यांची मांडी बघायची, मग पोरीचा दंड. कोंबड्यांच्या पिसांच्या मुळाशी बारीक सूज आली. नंदाच्या दंडावर फोड उभे राहिले, थोडा ताप आला. उमा त्या तापाला भ्यायली नाही असं नाही. तीनदा टहिलरामला विचारलं, दोनदा दौलतरावांना कार्ड लिहिलं. पण बनूबाईंचं बोट धरून तिने ते दंडावर ठेवलं आणि सांगितलं, "आत्याबाई, उठलं."

गोदूचा नातू त्या दिवशी नंदानंतर माझ्यावर बसला, आणि त्याच्यानंतर आळीतली आणखी नऊ पोरं. सगळी घरं मात्र आली नाहीत. चैत्रात खालच्या आळीत दोन दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले, घरात देवी आल्याची ती खूण. त्यातल्या एका घरातून पाळणा बाहेर काढून ठेवलेला मी पाहिला. आमच्या दाराला डहाळा लागला नाही.

काबरी वाचली. डोळा गेला. पुढे ती बनूबाईंच्या पायाशीच बसायची, त्या तिच्याशी एका डोळ्याची माणसं आपसांत बोलतात तसं बोलायच्या. गेल्या साली थोड्या दिवसांच्या अंतराने दोघीही गेल्या, आधी बनूबाई.

आता एकोणसाठ साल आहे. कमळाकरला अंबरनाथला कारखान्याची खोली मिळालीय. तिथे वर मजला, खाली मजला, कोंबड्यांना जागा नाही. नंदा दुसरीत गेली. बिनबाह्यांचा फ्रॉक घालते, दंडावरचे वण पैशाएवढे गोल आहेत आणि ती ते मैत्रिणींना दाखवते. उमा अजून घाबरट आहे. बांधलेलं गाठोडं सोडून परत बांधते.

माझ्या दोन कांबी मोडल्यात. काठ एका बाजूने सुटलाय. नवसीची शेपटी तेवढी जागेवर आहे.

आत्ताच उमाने मला गोदूच्या सुनेच्या हातात दिलं. तिचं नाव जनू, नुकतीच बाळंतीण झालीय. उमाने तिला सगळं सांगितलं, शिंकेसकट. जनू हसली. मग उमा आत गेली आणि जनूने मला उताणी ठेवून वाकून आत बघितलं, हाताच्या वितीने माझं पोट मापलं. एक वीत. दोन वीत. त्या हाताची थरथर मी ओळखते.

मावेल गं बाई. तुझं बाळ माझ्यात आरामात मावेल. ऊनही आत येतं, मऊ असतं. पण तेवढ्यासाठी मला नेऊ नकोस. कोंबड्या ठेव, पिल्लं ठेव, पावसात मला आत घे. आणि खाकी पिशवीवाला आळीत आला की मला अंगणात मधोमध उपडी घाल आणि बाळाला वर बसव. नवसीचं विणकाम आहे, मोडायची नाही मी.